मांडव नसलेल्या द्राक्षबागांतून: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

फ्रान्सच्या द्राक्षपट्ट्यात शांत रस्त्यांनी सायकलवर सावकाश फिरायचं कसं, याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यातली सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, वय ६१ आणि ५७. रोज पहाटे दहा-बारा किलोमीटर सायकल होते. जूनमध्ये मुलीकडे पॅरिसला जाणार आहोत, त्यातले आठ दिवस मोकळे आहेत. बोर्दो, अल्सास, लुआर, बरगंडी ही नावं वाचून गोंधळ उडालाय. चढ कमी, गाड्या कमी आणि बागांमधून जाणारा असा रस्ता कोणता?
— विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : बरगंडी, आणि तीसुद्धा सगळी नाही. बोन ते माकों एवढाच तुकडा घ्या. लुआर नदीकाठचा ‘लुआर आ व्हेलो’ मार्ग सपाट आहे, पण तो सुमारे ९०० किलोमीटरचा. त्यावर द्राक्षबागा मधूनमधूनच भेटतात आणि समुद्राच्या दिशेनं निघालात तर पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. अल्सासची गावं देखणी आहेत, पण डोंगराच्या पायथ्यानं जाणारा रस्ता सारखा खालीवर होतो. बोर्दोजवळ जुन्या रेल्वेमार्गावर केलेली रोजे लापेबी वाट (१९३७ची ‘तूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत जिंकणाऱ्याचं नाव तिला दिलंय) सोपी आणि सावलीची, पण पन्नास-पंचावन्न किलोमीटरांत संपते.

पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान आगगाडीनं दिजों दीड-पावणेदोन तास. तिथून प्रादेशिक गाडीनं बोन वीस-पंचवीस मिनिटं. बोनच्या दक्षिणेला ‘व्हुआ दे व्हीन्य’, म्हणजे वेलींची वाट, सुरू होते. पोमार, वोल्ने, म्यर्सो, प्युलिन्यी, शासान्य करत साँतनेपर्यंत जेमतेम २२ किलोमीटर. मुळात हे शेतरस्तेच. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या वेली आणि मधे मधे दगडी गडगे. खालच्या सपाटीवरून जवळजवळ समांतर डी ९७४ हा मोठा रस्ता जातो. मोबाइलचा नकाशा मोटारीच्या पर्यायावर राहिला तर तुम्हाला तिकडेच ढकलेल. तो टाळा, ट्रक असतात.

वेलींच्या वाटेवर गाड्या कमी, पण ट्रॅक्टर असतात, आणि तेही आपण न पाहिलेले. तिथे दोन ओळींत अंतर मीटरभरच असतं, म्हणून ट्रॅक्टर ओळींच्या मधून न जाता ओळीच्या डोक्यावरून, दोन्ही बाजूंना पाय टाकून चालतो. चालक बराच उंचावर बसलेला असतो. त्याला आपण दिसलोच असं धरून चालू नका. रस्ता अरुंद असेल तर उतरा, कडेला उभे राहा, त्याला जाऊ द्या. तो कामावर आहे, आपण फिरायला आलोय. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर बागेतली खडी वाहून वळणांवर येते. अशा वळणाच्या आधीच वेग कमी करा. वळताना पुढचा ब्रेक दाबलात की चाक घसरलंच.

साँतनेपासून शालोंपर्यंत कालव्याच्या काठची वाट आहे. सपाट, चढ लागतो तो फक्त जलदरवाजांपाशी (बोटी वरखाली नेणारे कालव्याचे दरवाजे), दोन-चार मीटरचा. शालोंहून दहाएक किलोमीटरवर जिव्री. जिव्री ते क्लुनी हा ४४ किलोमीटरचा जुना रेल्वेमार्ग १९९७मध्ये सायकलींसाठी खुला झाला. ‘व्होआ व्हेर्त’, हिरवी वाट, या नावाचा फ्रान्समधला हा पहिला मार्ग. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही, त्यामुळे रूळ काढलेल्या वाटेवर गुडघ्यांना त्रास होईल असा चढ येत नाही. तुळजापूरचा घाट मनात आणून घाबरू नका. मात्र हे ४४ एका दमात करू नका. मधे ब्युक्सी किंवा कोर्मातँला मुक्काम टाका. क्लुनीचा मठ इसवी सन ९१०चा. त्याला अर्धा दिवस द्या. क्लुनीच्या पुढे ब्वा-क्लेर नावाचा १.६ किलोमीटरचा बोगदा लागतो. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद ठेवतात, जूनमध्ये खुला असतो. आत गारठा असतो, म्हणून विंडचीटर तोंडाशीच अंगात घाला आणि दिवे लावा. पुढे माकों. बोन ते माकों सगळं मिळून दीडशेच्या आत. माकोंहून प्रादेशिक गाडी शालों, शान्यी करत परत बोनला आणते, म्हणजे भाड्याची सायकल जिथून घेतली तिथेच देता येते.

रोजचं अंतर ३५च्या वर नेऊ नका. पायांत ताकद नाही म्हणून नव्हे. दुपारी बारा ते दोन गावातली दुकानं बंद, रविवारी दुपारनंतर बंद, सोमवारी बऱ्याच ठिकाणी दिवसभर बंद. अंतर मोठं ठेवलं की नेमकं या बंद वेळेत गावात पोचणं होतं आणि मग उपाशी पुढे रेटावं लागतं. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, घाई कशाची?

तयारी म्हणून निघण्याआधी चार आठवडे दर आठवड्याला एकदा बार्शी रस्त्यानं नान्नजपर्यंत जाऊन या. येऊन-जाऊन चाळिसाच्या घरात होतं. एप्रिल-मे असेल तर साडेपाचला निघा. शेवटच्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवस करा. पहिल्या दिवशी बैठक दुखत नाही. दुखते दुसऱ्या दिवशी सकाळी, पुन्हा सीटवर बसताना. जाडजूड जेलचं मऊ सीट घेऊ नका, तासाभरात ते मांडीच्या आतल्या बाजूला घासायला लागतं. सीटची उंची अशी: टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेलं की गुडघा सरळ व्हावा. मग चवड्यानं चालवताना तो आपोआप थोडा वाकलेला राहतो.

प्रश्न : माझ्याकडे २७.५ इंची चाकांची चांगली सायकल आहे. तीच न्यावी की तिथे भाड्यानं घ्यावी? तिथे आपल्या मापाचे टायर-ट्यूब मिळतात का?
— जुळे सोलापूर

उत्तर : आठ-दहा दिवसांसाठी भाड्यानंच घ्या. साधी हायब्रिड (डांबरी आणि खडीच्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी सायकल) रोजी साधारण २० ते २५ युरोंत मिळते. कॅरिअर, कुलूप आणि पंक्चरचं सामान बहुधा त्यातच असतं; अनामत वेगळी. स्वतःची न्यायची तर सोलापूर ते मुंबई, मुंबई ते पॅरिस, पॅरिस ते बोन असं तीनदा खोकं वाहायचं, आणि परतताना तेच खोकं शोधायचं. महिनाभर जाणार असाल तरच हा खटाटोप परवडतो. नेलीतच तर गिअरचा मागचा डिरेलर (साखळी सरकवणारा भाग) हँगरवरून, म्हणजे तो ज्या पट्टीला लटकतो तिच्यावरून, सोडवून फडक्यात गुंडाळा आणि चौकटीच्या आत बांधा. खोकं आपटलं की सगळ्यात आधी तोच हँगर वाकतो. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये आडवा ठोकळा बसवा. पेडल काढताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. जोर लावून लावून क्रँक खराब करणारे कमी नाहीत. बॅटरीची सायकल न्यायचा विचार सोडा. १६० वॅट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि सायकलच्या बॅटऱ्या त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात.

मापाचं म्हणाल तर तुमच्या चाकाचं मूळ गाव फ्रान्सच आहे. टायरच्या कडेला बारीक उठावाच्या अक्षरांत ‘५०-५८४’ असा काहीतरी आकडा असेल. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास. ५८४ म्हणजे फ्रेंचांचं जुनं ६५०बी, तिथल्या भटक्या सायकलींचं आवडतं माप. आपण त्यालाच २७.५ म्हणायला लागलो. आपल्या दूधवाल्यांच्या २८ इंची सायकलीचा आकडा ६३५, त्याला फ्रेंच नाव ७००बी. तिथली भाड्याची हायब्रिड बहुधा ६२२ची, म्हणजे ७००सी. ए, बी, सी ही अक्षरं टायरच्या जाडीची होती. बाहेरचा घेर सारखा राहावा म्हणून टायर जाड तसं रिम लहान. दुकानात इंच सांगत बसू नका, हा तीन अंकी आकडा दाखवा.

व्हॉल्व्हचं मात्र नीट पाहा. तिथे बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह सर्रास असतो. हवा भरण्याआधी त्याच्या टोकाची चिमुकली चकती सैल करून एकदा दाबायची, ‘फुस्स’ झालं की पंप लावायचा. चकती न सोडता पंप मारलात तर हवा आत जाणारच नाही आणि तुम्ही पंपाला शिव्या द्याल. मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची ट्यूब प्रेस्टाच्या रिममध्ये जात नाही. भोक साडेसहा मिलिमीटरचं, व्हॉल्व्हला लागतं साडेआठ. जादा ट्यूब भाड्यानं देणाऱ्याकडूनच घ्या.

३५ मिलिमीटरचा टायर आणि ७० किलोचा माणूस असेल तर मागे ५५, पुढे ५० पीएसआय हवा पुरते. सामान असेल तर मागे पाचेक वाढवा. दगडासारखी घट्ट हवा भरली की खडीच्या वाटेवर हात सुन्न होतात. फारच कमी असेल तर खड्ड्यात रिम ट्यूबला चिमटा काढते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. आपल्याकडे सराट्याचे काटे, तिथे तारा ताणण्याच्या कामातले तारेचे तुकडे आणि छाटलेल्या कुंपणाचे काटे. ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. काटा आतच राहिला तर दहा मिनिटांत दुसरं पंक्चर ठरलेलं.

सामान दोन्ही बाजूंना मिळून दहा किलो, जड वस्तू तळाशी. पहिल्याच दिवशी पेडल मारताना टाच बॅगेला लागते का ते पाहून बॅग मागे सरकवा. कॅरिअरचे स्क्रू रोज सकाळी चार मिलिमीटरच्या ॲलन कीनं तपासा. खडखडाटानं ते सैल होतात आणि एक पडला की उरलेला वाकतो.

प्रश्न : उजव्या बाजूनं चालवायची सवय कशी लावावी? तिथले नियम काय?
— अशोक चौक

उत्तर : सायकल चालवत असताना चूक होत नाही. होते ती निघताना. सकाळी घरमालकाच्या फाटकातून बाहेर पडताना, रस्त्याच्या डावीकडे फोटोला थांबून परत निघताना, आणि रस्ता अगदी रिकामा असताना. समोर गाडीच नसली की डोकं सोलापूरचं होतं. म्हणून दर वेळी पाय पेडलवर ठेवताना एकच तपासा: माझा डावा खांदा रस्त्याच्या मध्याकडे आहे ना? दोघं असाल तर मागच्यानं मोठ्यानं ‘उजवीकडे’ म्हणायचं.

तिथे डावं वळण अवघड, कारण दोन्ही बाजूंची वाहनं ओलांडावी लागतात. गर्दी असली तर उतरून चालत ओलांडा. चौकातलं वर्तुळ घड्याळाच्या उलट फिरायचं आणि आत असलेल्यांना आधी जाऊ द्यायचं. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी दिसली तर तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात. गावात शिरल्यावर कुठलीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला पहिला हक्क, मग तो बोळातून का येईना. हा नियम माहीत नसल्यानं पाहुणे गोंधळतात. सायकलमार्गाच्या पाट्या पांढऱ्या, त्यावर हिरवी अक्षरं.

ब्रेक! आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, फ्रान्समध्ये पुढचा डाव्या हाताला. भाड्याची सायकल घेतल्यावर चाक उचलून फिरवा आणि एकेक ब्रेक दाबून पाहा, मगच उतारावर न्या.

घंटी लागते. रात्री पुढे-मागे दिवे, आणि गावाबाहेर अंधारात चमकणारं जाकीट सक्तीचं. बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट बंधनकारक आहे. मोठ्यांना नाही, तरी घालाच. कानात इअरफोन घालून चालवलं तर १३५ युरो दंड. मोटारींनी गावाबाहेर तुमच्यापासून दीड मीटर अंतर ठेवून पुढे जायचं असतं, आणि बरेचसे चालक ते पाळतात.

प्रश्न : माझी नान्नजला बाग आहे. फिरणं आणि तिथली शेती पाहणं दोन्ही व्हावं, अशी वेळ कोणती? बागेत जाऊ देतात का?
— नान्नज

उत्तर : तुमची फळछाटणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात असेल तर सप्टेंबर. बरगंडीत काढणी साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात चालते. खोल्या मजुरांनी आणि पाहुण्यांनी भरतात, त्यामुळे तीन-चार महिने आधी ठरवा. काढणी नको, नुसती वाढ पाहायची असेल तर जून; तेव्हा वेल फुलोऱ्यात असते.

तुम्हाला पहिल्या दिवशी चुकल्यासारखं वाटेल, कारण मांडव नाही आणि वाय (वेलीला आधार देणारा इंग्रजी Y आकाराचा सांगाडा) नाही. तारेवर धरलेली कमरेएवढी हिरवी भिंत, बस. नऊ बाय पाच फुटांवर आपल्याकडे एकरी ९६८ झाडं बसतात. तिथे मीटरभर अंतरावर हेक्टरी दहा हजार, म्हणजे एकरी चार हजारांवर. झाड मुद्दाम लहान ठेवतात. बऱ्याच ठिकाणी एक काडी सहा-आठ डोळ्यांवर (डोळा म्हणजे कोंब फुटतो ती जागा) आणि शेजारी दोन डोळ्यांची एक खुंटी, एवढंच राखतात. वर्षाला छाटणी एकच, हिवाळ्यात. ठिबकच्या नळ्या बरगंडीत शोधूनही सापडणार नाहीत, भिस्त पावसावर. खुंट मात्र आपल्यासारखाच अमेरिकन जातीचा. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीनं मुळं खाल्ल्यापासून त्यांनाही कलमाशिवाय गत्यंतर उरलं नाही.

पानांवर निळसर डाग दिसले तर ओळखालच. आपलं बोर्डो मिश्रण हे नावच बोर्दोचं. १८८५मध्ये तिथल्या मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं डाऊनी (केवडा) रोगावरचा मोरचूद-चुन्याचा उपाय प्रसिद्ध केला. युरोपात आता तांब्यावर मर्यादा आहे, हेक्टरी सात वर्षांत २८ किलो. तरी रस्त्याकडेचा घड तोडून तोंडात टाकू नका. फवारणीही असते आणि चोरीही ठरते. ओळीत शिरू नका, बांधावरून पाहा. कुणी काम करत असेल तर आधी ‘बोंझूर’ म्हणा. ते न म्हणता प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणा समजतात. ‘देग्युस्तासिओं’ (वाइन चाखणं) अशी पाटी असलेल्या घरी मात्र फोन करून वेळ घेऊन जाता येतं, आणि बोलायला तिथला माणूस मोकळा असतो.

आणि काडी आणू नका. चार डोळ्यांची काडी खिशातून आणायचा मोह होतो, पण परवाना आणि रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय रोपसामग्री आणणं कायद्यात बसत नाही. एका काडीवरून आलेला विषाणू शेजाऱ्याच्या बागेतही जातो. बुटांची मातीसुद्धा तिथेच धुऊन या.

प्रश्न : वाइन चाखून सायकल चालवली तर चालते का?
— सात रस्ता

उत्तर : रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. चाखणं म्हणजे पिणं नव्हे. तिथे थुंकायला भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरलं तर कुणी नावं ठेवत नाही. दुपारच्या उन्हात दोन पेले पोटात गेले की पुढचे दहा किलोमीटर तीस वाटतात. चाखायचं ते मुक्कामाच्या गावी, सायकल लावून झाल्यावर. आपल्याकडे परतताना माणशी दोन लिटरपर्यंत करमुक्त आणता येते, पण ती बाटली शेवटच्या दिवशी घ्या. सव्वा किलोची काच आठवडाभर कोण वाहणार?

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. खेड्यांत खाण्याचं काय? इथून काय नेता येईल?
— बाळीवेस

उत्तर : सायकलवर भटकंती करणाऱ्या फ्रेंचांचा आद्य गुरू पॉल द व्हिवी, टोपणनाव व्हेलोसिओ, स्वतः शाकाहारी होता. वाटेत दारू, मांस आणि तंबाखू टाळा, भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, हा त्याचा उपदेश. तेव्हा फ्रान्समध्ये तुमची परंपरा अगदीच पोरकी नाही. खानावळींत मात्र ती पोरकी वाटेल.

शाकाहारी माणूस मासेही खात नाही हे सगळ्यांना कळत नाही, म्हणून ‘सां व्हियांद, सां प्वासों, सां लार्दों’ हे तीन शब्द कागदावर लिहून ठेवा: मांस नको, मासा नको, डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत. तो तिसरा शब्द महत्त्वाचा, कारण सॅलडमध्ये आणि कीशमध्ये (अंडं घालून भाजलेला खारा पदार्थ) ते बारीक तुकडे न सांगता पडतात. सूप भाज्यांचं असलं तरी पाणी बहुधा हाडांचं. जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं. ते चालत नसेल तर लेबलवर ‘प्रेझ्युर’ शब्द पाहून सोडून द्या.

सकाळी बेकरीतून ‘बागेत’ हा लांब पाव, सुपरमार्केटातून डबाबंद हरभरे, शिजवलेली मसूर, टोमॅटो, फळं. कुसकुस (गव्हाच्या रव्याचे बारीक दाणे) घ्या, एक वाटीवर एक वाटी उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं झाकलं की झालं, चूल लागत नाही. हे सगळं बाराच्या आत घेऊन ठेवा. पाणी संपलं तर दफनभूमीच्या फाटकापाशी बहुधा नळ असतो. ‘नों पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर ते पिऊ नका.

इथून न्यायला सोलापूरकरांना विचारावं लागू नये. कडक भाकरी आणि शेंगा चटणी. भाकरी आठवडाभर टिकते, पण बॅगेत चुरा होतो, म्हणून स्टीलच्या चपट्या डब्यात, मधे कागद घालून ठेवा. चटणी कोरडी असावी. तेल सुटलेली असेल तर दुहेरी पिशवीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळे कपडे लाल. रोज दोघांत एक भाकरी, तीन चमचे चटणी आणि तिथलं दही, दुपार भागते. तूप, पेढे, खवा, पनीर यांतलं काही नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात.

आणि पत्राच्या शेवटी व्हिसाचं विचारलं आहे म्हणून: शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, मोठ्यांना शुल्क ९० युरो. अर्जात रोजच्या मुक्कामाचं गाव लिहावं लागतं, तेव्हा खोल्या आधी ठरवा, तेही रद्द करता येतील अशा. ‘आक्यै व्हेलो’ (सायकलस्वारांचं स्वागत) ही पाटी असलेली घरं मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात आणि सायकल ठेवायला बंद जागा देतात.